गर्गे पट्टी

“आजपासून या घरात धुळीचा कणसुद्धा माझ्या सहीशिवाय शिरणार नाही,” असं आमचे दिगंबरराव म्हणाले आणि भिंतीच्या पायथ्याला नव्यानं ठोकलेल्या लाकडी पट्टीवर त्यांनी बुटाची टाच आपटून दाखवली.

पट्टी हलली नाही, हे मान्य. पण पट्टीमागची फट त्यांनी अळशीच्या तेलात खडूची पूड मळून केलेल्या लांबीनं भरली होती, आणि तिसऱ्या दिवशी मी केर काढायला वाकले तर लांबी गायब. उंदरांनी खाल्ली होती. सगळी. शिवाय पट्टीच्या आडून स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत त्यांना आता सलग बोगदा मिळाला होता. संध्याकाळी आंधी आली तेव्हा त्याच बोगद्यातून राजस्थानची माती आमच्या बैठकीत शिस्तीत, एका रांगेत आली.

“डिझाइन बरोबर आहे,” हे म्हणाले. “उंदीर चूक आहेत.”

नव्वद सालचा मे महिना होता, पंजाबात दहशतवादाचे दिवस. हे केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर. चंदीगडचं पोस्टिंग तीन वर्षांचं म्हणून आलो होतो, त्याला आता पाच वर्षं झाली होती. नाशिकच्या बदलीची फाइल चीफ इंजिनियर रघुवीर चोप्रा साहेबांच्या टेबलावर दीड वर्ष पडून होती. मला दुसरं काही नको होतं, ती सही हवी होती. आमची नयना सातवीत होती. तिच्या शाळेच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बंदूकवाला बसायचा, आणि ती त्याला “अंकल, आज आपकी बंदूक नई है?” असं विचारायची. घरी मी मराठीत रागावले की ती हिंदीत सॉरी म्हणायची. पेपरात रोज सकाळी आकडे यायचे, काल किती गेले. ते वाचून लोक म्हणायचे, आज जरा कमी आहेत. मला या वाक्याची चीड यायची आणि पाच वर्षांत मीही ते म्हणायला लागले होते.

तर चोप्रा साहेबांकडे सहाशे क्वार्टरांतून एकच तक्रार आली होती. उन्हाळ्यात भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट पडते, तिथून धूळ येते, मुंग्या येतात, हिवाळ्यात गारठा येतो. साहेब यांना म्हणाले, “गर्गे, फटीचं काहीतरी करा. सॅम्पल फ्लॅट पास झाला की तुमच्या नाशिकवर सही.”

माणसाच्या बदलीचा आणि भिंतीच्या फटीचा संबंध काय, हे मी विचारलं. हे म्हणाले, “पद्मिनी, तुला सरकार कळत नाही.”

खरंच कळत नाही.

आमच्यासमोरचा फ्लॅट रिकामा होता, तोच सॅम्पल फ्लॅट ठरला. कामाला मोहालीचे बचन सिंग मिस्त्री आले. साठीचे, दाढी पांढरी शुभ्र, आणि रंधा असा मारायचे की लाकूड रेशमी वाटावं. पण मोहाली पंजाबात आणि आम्ही चंदीगडात, मध्ये नाका. मिस्त्री आठ-आठ फुटी पट्ट्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधून आणायचे. आता सरदार माणूस, सायकल, आणि गोणपाटात काहीतरी लांब. नाक्यावरचे जवान रोज सगळं सोडायला लावायचे. एकेक पट्टी उचलून बघायचे, वाजवून बघायचे. मागे स्कूटरवाले, गाडीवाले नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर पुढे जायचे.

“बहनजी, आज नया लड़का था,” मिस्त्री एकदा चहा घेताना म्हणाले. “पूछता है ये क्या है. मैं बोला दीवार की पट्टी. बोला, दीवार को चोट लगी है?”

ते हसले. मी नाही हसले. यांना म्हटलं, “अहो, ऑफिसची जीप पाठवा ना पट्ट्या आणायला.”

“जीप चौकशीच्या कामाला असते.”

“कसली चौकशी?”

“जीप कुठे कुठे जाते त्याची.”

दुसरं डिझाइन मात्र चांगलं होतं, हे मी रागातसुद्धा कबूल करते. त्यातलं अर्धं मिस्त्रींचं होतं. लाकूड फुगतं आणि आक्रसतं, म्हणून पट्टी फक्त भिंतीला धरायची, फरशीला नाही. स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, म्हणजे पट्टीला हलायला जागा. रंग पुढून लावायचा तसाच पाठीलाही लावायचा, कारण ओल भिंतीतून येते आणि पट्टी नेहमी मागून कुजते. आणि खाली-वर खाच पाडून त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी कड बसवायची, ती फरशीला आणि भिंतीला चिकटून राहील. उंदरांना रबर आवडत नाही. यांनी मुद्दाम दोन दिवस ठेवून बघितलं.

याला यांनी नाव दिलं गर्गे पट्टी. मिस्त्रींचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं, “बचन पट्टी का नाही?” तर म्हणाले, “टेंडरमध्ये बरं दिसत नाही.”

पण दिगंबरराव एवढ्यावर थांबणारे नव्हते. भिंत झाली, मग दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी तीच रबराची कड. मग खिडक्या. खिडक्यांना कड बसवून वर स्क्रूनं बंद करून टाकल्या. फक्त एका खिडकीत कूलर, त्याच्याही भोवती कड.

मिस्त्री हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, “साब, कूलर की हवा जाएगी कहाँ?”

“जाएगी क्यों? अंदर रहेगी. इसीलिए तो पट्टी है.”

“हवा को रास्ता दो साब. कूलर पानी फेंकता है.”

“मिस्त्रीजी, मैं पाँच साल से बंद घर में कूलर चला रहा हूँ. कुछ नहीं होता.”

आता इथे मला एक सांगितलं पाहिजे. चंदीगडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची. कूलर बाहेरची गरम हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो. ती दुसरीकडून बाहेर गेली तर थंडावा, नाही गेली तर खोलीची धोब्याची भट्टी. पण आमचे हे नाशिकचे. धूळ येते म्हणून हे घरातली प्रत्येक खिडकी लावत फिरायचे, आणि यांची पाठ वळली की मी स्वयंपाकघराची खिडकी हळूच उघडायचे. पाच वर्षं. वाद नको म्हणून. म्हणजे या माणसाची सगळी विद्या माझ्या त्या एका खिडकीवर उभी होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मी त्या दिवशी सांगितलं. सरळ सांगितलं, “अहो, मी खिडकी उघडते रोज.”

“कधीपासून?”

“पंच्याऐंशीपासून.”

यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाले, “म्हणजे एवढी धूळ तुझ्यामुळे येते.”

खिडकीचे स्क्रू तसेच राहिले.

इन्स्पेक्शन अकरा जूनला सकाळी नऊला होतं. साहेबांना खोली गार मिळावी म्हणून यांनी सातलाच कूलर सुरू केला. वाटेत कुठे तपासणी चालू होती, त्यामुळे साहेब एक वाजता आले. सहा तास कूलर त्या डबाबंद खोलीत पाणी फेकत होता. मी पोह्यांची ताटली द्यायला दारापर्यंत गेले तर आतून असा दमट वास आला की मला वाटलं कोणी कपडे उकळायला ठेवलेत. दाराची लाकडी फळी हाताला ओली लागली.

“अहो, दार उघडं ठेवा,” मी म्हटलं.

“दार उघडं ठेवून फट कशी दाखवणार?” हे म्हणाले.

आत गेले चौघं. साहेब, हे, ज्युनियर इंजिनियर जयंत बापट आणि बचन सिंग मिस्त्री. मिस्त्रींच्या हत्यारांची पिशवी आणि उरलेल्या पट्ट्यांचं गोणपाट यांनी बाहेर जिन्यात ठेवायला लावलं होतं, साहेबांना पसारा आवडत नाही म्हणून. मग यांनी खांदा लावून दार ढकललं आणि बंद केलं. उदबत्ती लावून पट्टीपाशी धरायची, धूर हलला नाही की फट नाही, अशी परीक्षा होती. मी बाहेर ताटली घेऊन उभी. आतून साहेबांचा आवाज आला, “वंडरफुल. धुआँ हिलता ही नहीं.” मला खरंच वाटलं, झालं, नाशिक.

धूर हलतच नव्हता. तो जायचाही कुठे? पाच मिनिटांत चौघंही खोकायला लागले. साहेब म्हणाले, “ठीक है, पास है, दरवाज़ा खोलो.”

दार उघडेना.

लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं, बाटलीत बूच बसावं तसं. आधी यांनी ओढलं. मग जयंतनं ओढलं. मग साहेब म्हणाले बाजूला व्हा, आणि त्यांनी ओढलं तेव्हा मूठ उपटून त्यांच्या हातात आली. मी बाहेरून ओढू तर दार आत उघडणारं, ढकलू तर ढिम्म. मिस्त्री आतून ओरडले, “बहनजी, मेरे थैले में पटाशी है, चौखट में डालो.”

मी पिशवीकडे वाकले. तेवढ्यात खालून बन्सल वर आले. तळमजल्यावरचे रिटायर्ड सुपरिंटेंडेंट. आत दणादण दारावर मुठी पडत होत्या.

“बहनजी, हाथ मत लगाना. ये किसका है?”

“मिस्त्रीचं आहे. मिस्त्री का है.”

“कौन मिस्त्री?”

“आत आहेत ना. बचन सिंग.”

“सरदार है?”

“बन्सल साहेब, त्याचा काय संबंध? आत चीफ इंजिनियर आहेत, माझे मिस्टर आहेत.”

“खाली पड़े फ्लॅट में?” ते म्हणाले, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पोलिसांना फोन करायला गेले. पाच वर्षांत त्या माणसाला मी जिन्यात कधी घाई करताना पाहिलं नव्हतं.

बिल्डिंग रिकामी केली. आम्हाला समोरच्या बागेत उभं केलं, तिथून उघड्या जिन्यातलं ते दार दिसत होतं. पिशवीत बॉम्ब असेल म्हणून तिच्याभोवती वाळूची पोती आली. दोन ट्रक जवान आले आणि वरून दारावर मुठी पडतच होत्या, कारण आतल्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या सगळ्यांच्या अधिकाऱ्याला हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, पीछे.” शेवटी एक जवान माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “ताई, तुम्ही कुठल्या?” विश्राम नाव त्याचं, कराडकडचा. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पट्टी, रबर, कूलर, उदबत्ती.

“मला पटतंय ताई,” तो म्हणाला. “पण हे हिंदीत कसं सांगू, तेवढं सांगा.”

पिशवीतून दोरी बांधून एकेक वस्तू ओढून काढली. करवत. रंधा. पटाशी. स्टीलचा डबा, त्यात दोन पराठे आणि लोणचं. मग जवान वर गेले, आणि बंदुकीच्या दस्त्यांनी दार फोडलं. दाराची मधली फळी फुटली. चौकट हलली नाही. गर्गे पट्टीचा एक स्क्रूसुद्धा निघाला नाही. त्यामुळे आतल्यांना त्या फळीच्या भोकातून बाहेर यावं लागलं, रांगत. अधिकारी ओरडत होता, “हात वर.” चोप्रा साहेब अर्धे आत, अर्धे बाहेर, हातावर टेकलेले. त्यांनी एक हात वर केला आणि तोंडावर पडले. मागून धूर असा निघाला की खाली उभे असलेले बन्सल म्हणाले, “देखा?”

इथपर्यंत हसायचं ते हसा. मी ही गोष्ट सांगते आहे ती पुढच्या दोन मिनिटांसाठी.

चौघांना खाली बागेत आणून अधिकाऱ्यानं कार्डं मागितली. साहेबांनी दाखवलं. यांनी दाखवलं, जयंतनं दाखवलं. मिस्त्रींकडे कार्ड नव्हतं. पिशवी त्यांची, गोणपाट त्यांचं, रोज नाक्यावरून काहीतरी लांब आणतात हेही कोणीतरी सांगितलं. बन्सलनीच. अधिकाऱ्यानं साहेबांना विचारलं, “इसे जानते हैं?”

साहेब रुमालानं नाक पुसत म्हणाले, “मैं इन्स्पेक्शन पर आया था. लेबर को मैं नहीं जानता.” मग यांच्याकडे वळून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, “गर्गे, मेरा नाम किसी काग़ज़ पर आया तो नाशिक भूल जाइए.”

यांनी मान खाली घातली. जयंतनं बूट पाहिले. आणि मी, जी सकाळपासून तावातावानं बोलत होते, मी गप्प बसले. नाशिक म्हटल्यावर मी गप्प बसले. दोन मिनिटं. तेवढ्यात मिस्त्रींना सायकलसकट जीपमध्ये घालून नेलंसुद्धा. जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांना आमच्याकडून कसली अपेक्षाच नव्हती, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

साहेबांची गाडी वळली तशी मी पोह्यांची ताटली बागेच्या कठड्यावर आपटली.

“चला.”

“कुठे?”

“ठाण्यात.”

“पद्मिनी, ऐकलंस ना ते काय म्हणाले? माझी सही जाईल.”

“जाऊ दे. तुमच्या पट्टीला आकार कोणी दिला? तुम्ही? तुम्हाला साधी पेन्सिल तासता येत नाही.”

“तुलाच नाशिक हवं होतं.”

“हवंच आहे. म्हणून तर मघाशी तोंड शिवून उभी राहिले. आता लाज वाटते आहे. तुम्हाला वाटत नसेल तर घरी बसा, मी एकटी जाते.”

यांनी स्कूटर काढली.

ठाण्यात मिस्त्री एका कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. तपासायला त्यांची पगडी उकलली होती. सहा वार कापड मांडीवर घेऊन ते ती पुन्हा बांधत होते, आरशाशिवाय, एक टोक दातात धरून. माझं लक्ष तिथेच. दिगंबररावांनी मात्र, खरं सांगते, त्या दिवशी सगळं नीट सांगितलं. हा माणूस माझा आहे, काम माझं आहे, इन्स्पेक्शनला चीफ इंजिनियर रघुवीर चोप्रा होते, लिहा नाव. मुन्शीनं, म्हणजे ठाण्याच्या कारकुनानं, नाव लिहिलं. मला वाटलं, गेलं नाशिक. वाटून बरंही वाटलं.

मग मुन्शीनं जामिनाचा छापील कागद पुढे सरकवला. आणि आमच्या यांना ठाण्याच्या भिंतीला फट दिसली.

“तुमच्याकडे तर पेन जाईल एवढी फट आहे,” हे वाकून म्हणाले, आणि खरंच पेन घालून दाखवलं.

“हाँ जी, बिच्छू आते हैं,” मुन्शी म्हणाला. “यहाँ साइन.”

“पट्टी भिंतीला धरायची, फरशीला नाही. रबर लावलं की—”

“यहाँ भी. और यहाँ.”

यांनी तीन सह्या केल्या, एकीकडे विंचवांना रबर आवडतं का याची चर्चा करत. मी पगडीकडे बघत होते. कागद कोणीच वाचला नाही.

बाहेर आल्यावर हे मिस्त्रींना म्हणाले, “मिस्त्रीजी, माफ करना. मैं उस वक़्त...”

मिस्त्रींनी सायकलचा स्टँड काढला. “मैंने कहा था साब, हवा को रास्ता दो.” एवढंच. पुढचं काम घेतलं नाही. मीही घ्या म्हटलं नाही.

आठव्या दिवशी ऑर्डर आली. दिगंबर गर्गे यांची नाशिकला बदली, पंधरा दिवसांत रुजू व्हावं. हे घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. जयंतनं आतली बातमी सांगितली. ठाण्याच्या कागदावर आपलं नाव पाहून साहेबांनी फाइल मागवली होती, सही करून फेकली होती आणि म्हणाले होते, “ये आदमी मुझे इस शहर में नहीं दिखना चाहिए.”

दीड वर्ष चांगलं काम करून जी सही मिळाली नाही, ती साहेबाला रांगायला लावून मिळाली. मी हसावं की भांडी फोडावी ते कळेना. मग भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

रविवारी सामानाचा ट्रक निघाला. कपाट, पलंग, फ्रीज, माझं शिलाई मशीन, सगळं. मागे राहिल्या तीन सतरंज्या आणि एक स्टोव्ह. सोमवारी हे नवा पत्ता कळवायला म्हणून ठाण्यात गेले, जबाबदार माणसासारखे. मुन्शीनं जामिनाचा कागद काढून वाचून दाखवला. चौकशी पूर्ण होईपर्यंत जामीनदारानं चंदीगड सोडायचं नाही. खाली तीन सह्या.

“चौकशी कधी पूर्ण होणार?”

मिस्त्री मोहालीचे म्हणून फाइल मोहालीला पाठवली होती. घटना चंदीगडची म्हणून मोहालीनं ती परत पाठवली होती. फाइल सध्या दोन्हीकडे नव्हती.

मंगळवारी यांनी ऑफिसात मुदत वाढवून मागितली. बुधवारी ऑर्डर रद्द झाली. गुरुवारी सकाळी ट्रक नाशिकला पोचला.